अंगावरचे पित्त आणि उडालेली झोप



दिवाळीनंतर शिंदखेडा तालुक्यात जिनिंगच्या आवारात कापसाच्या गाड्या रित्या होऊ लागतात. याच हंगामात शिंका, अंगावर उठणारे पित्त आणि उडालेली झोप या तक्रारी अनेक घरांतून ऐकू येतात. त्यांच्या मागे पुष्कळदा एकच द्रव्य असते, हिस्टामाइन.

हेन्री डेल आणि त्यांचे सहकारी यांनी १९१० मध्ये त्याचे शरीरावरील परिणाम वर्णिले. हे द्रव्य विष नव्हे. परक्या पदार्थापासून शरीराचे रक्षण, जठरातील आम्लाचा स्राव आणि मेंदूची जागृती ही त्याचीच कार्ये आहेत. प्रमाण वाढले की नाक वाहते, खाज सुटते, डोके दुखते, छाती धडधडते. रात्रभर खाज आणि धडधड सोसणारे मन दिवसा चिडचिडे व अस्वस्थ होते. घरातील मंडळी त्याला स्वभाव समजतात.

ॲलर्जीच्या जुन्या प्रकारच्या गोळ्या मेंदूतील हिस्टामाइनचेही कार्य रोखतात, म्हणून गुंगी येते. अशी गोळी घेऊन गाडी चालविणे जिवावर बेतू शकते.

मासे आणि मद्य हे हिस्टामाइनचे मोठे स्रोत आपल्या घरी नाहीतच. तथापि फार मुरलेले, आंबवलेले पदार्थ, टोमॅटो, पालक, वांगे काहींना बाधतात. शिळ्या अन्नात जंतूंमुळे तयार झालेले हिस्टामाइन पुन्हा उकळल्याने जात नाही. चलितरस अन्न वर्ज्य मानणाऱ्या आपल्या परंपरेचा हा आरोग्यदायी लाभच होय. काय खाल्ले, कोठे बसलो, त्रास केव्हा झाला, याचा दोन-तीन आठवडे रोजमेळाप्रमाणे हिशेब लिहावा आणि तो वैद्यकीय तज्ज्ञांना दाखवावा. ओठ-जीभ सुजली वा श्वास कोंडला, तर मात्र क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे.

आणखी एक कर्तव्य आहे. कापसाच्या धुळीने फुफ्फुसांत हिस्टामाइन सुटते. सुट्टीनंतर कामाच्या पहिल्याच दिवशी कामगाराची छाती आवळली, तर ती या धुळीच्या विकाराची खूण असू शकते; त्यास आळस म्हणू नये. त्याला मास्क द्यावा, हवा खेळती ठेवावी, तपासणी करवावी. पाणी गाळून पिणाऱ्या आपण, आपल्या आवारात राबणाऱ्याच्या श्वासाचीही यतना पाळली पाहिजे.