बिग बाजार बुडाला, मग मत कोणाला?
किशोर बियाणी यांचा २००१ मध्ये सुरू झालेला बिग बाजार २०२२ मध्ये मोडला. डोईजड कर्ज, त्यात टाळेबंदी, थकलेलं भाडं. अनेक दुकानांचे भाडेकरार रिलायन्सकडे गेले. २००९ मध्ये सुभिक्षाही रोकड आटूनच बंद पडलं होतं.

माझं जुन्नरला किराण्याचं दुकान. मला आनंद व्हावा, असं लोकांना वाटतं. होत नाही. आंबेगाव-जुन्नरच्या मोहल्ल्यांतली आपली पोरं पुण्यात अशाच काउंटरवर उभी असतात. टोमॅटोचा भाव पडला की माझ्या वहीत उधारी वाढते, मग मीही घाऊक व्यापाऱ्याचे पैसे लांबवतो; ओळखीवर निभतं. त्या पोरांचा थकलेला पगार कोणत्या ओळखीवर निघणार? दिवाळखोरीच्या कायद्यात देणेकऱ्यांच्या समितीत बँकांना मत आहे, कामगारांना नाही. ते आधी द्या.