आधी रांग लावा, मग प्लॅन वाढवा

संध्याकाळी सातनंतर घरोघरी इंटरनेटवरून कुरबुर सुरू होते. एकाची ऑफिसची मीटिंग लांबलेली, टीव्हीवर मालिका चालू, आणि मुलांचा ऑनलाइन सामना ऐन रंगात. मध्येच ओरडा होतो, ‘पिंग वाढला!’ यावर बहुतेक घरांत एकच तोडगा निघतो. 100 एमबीपीएसचा प्लॅन 200 चा करायचा. पैसे जातात आणि ओरडा सुरूच राहतो.

याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. सामना चालू असताना बहुतेक खेळांना एक एमबीपीएसदेखील लागत नाही. त्यांना हवा असतो वक्तशीरपणा. बटण दाबल्याचा निरोप सर्व्हरपर्यंत जाऊन उत्तर परत यायला लागणारा वेळ म्हणजे पिंग, आणि तो मिलिसेकंदांत मोजतात. फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. मुंबईहून सिंगापूर जवळपास 3,900 किलोमीटर. म्हणजे नुसत्या जाण्यायेण्यात किमान 39 मिलिसेकंद जाणारच. कोणताही प्लॅन ते कमी करू शकत नाही. म्हणून खेळाच्या सेटिंगमध्ये जवळचा सर्व्हर निवडणं ही पहिली पायरी.

खरा घोळ मात्र घरातच होतो. कुणाचा तरी फोन दिवसभराचे फोटो आणि व्हिडिओ बॅकअपला पाठवू लागतो आणि राउटरपाशी डेटाचा ढीग साचतो. टोलनाक्यावर ट्रकांच्या मागे रुग्णवाहिका अडकावी, तसा खेळाचा आणि व्हिडिओ कॉलचा इवलासा निरोप त्या ढिगामागे अडकतो. अमेरिकेतल्या जिम गेटिस या अभियंत्याने 2010 च्या सुमारास आपल्या घरच्याच जोडणीवर हा प्रकार पाहिला आणि त्याला ‘बफरब्लोट’ असं नाव दिलं. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी 2012 मध्ये ही रांग आटोक्यात ठेवणारी ‘कोडेल’ पद्धत मांडली. आज अनेक राउटरांत ‘क्यूओएस’ किंवा ‘एसक्यूएम’ या नावाने अशी सोय मिळते. ती चालू करून डाउनलोड आणि अपलोड या दोन्हींची मर्यादा मोजलेल्या वेगाच्या साधारण 90 टक्क्यांवर ठेवायची. दहा टक्के वेग सोडल्यावर रांगेचा ताबा आपल्या राउटरकडे येतो आणि एकाच्या बॅकअपपायी दुसऱ्याचा कॉल तुटत नाही. हा मला घरातला न्याय वाटतो. आमच्याकडे हे काम मी मुलाला शेजारी बसवून केलं. आधीचा आणि नंतरचा पिंग त्यानेच मोजला. इंटरनेट सगळ्यांचं आहे, हे त्याला त्या आकड्यांतून पटलं.

बाकीची कामं सोपी आहेत. टीव्ही, गेमिंग कन्सोल, कॉम्प्युटर यांसारखी जागची न हलणारी यंत्रं केबलने जोडा. साधी ‘कॅट 5ई’ केबल 100 मीटरपर्यंत एक गिगाबिटचा वेग नेते. वायफायचा 2.4 गिगाहर्ट्झचा पट्टा दूरवर पोहोचतो, पण त्यात एकमेकांना न अडणारी चॅनेल तीनच: 1, 6 आणि 11. मोठ्या सोसायटीत सगळ्या शेजाऱ्यांचे राउटर त्यांतच दाटीवाटी करतात आणि मायक्रोवेव्हही त्याच पट्ट्यात चालतो. 5 गिगाहर्ट्झचा वेग जास्त, पण जाड भिंतीपुढे तो लवकर दमतो. म्हणून राउटर टीव्हीच्या मागे न कोंबता घराच्या मध्यावर, उंच जागी ठेवा.

कन्सोल ‘स्ट्रिक्ट नॅट’ (म्हणजे बाहेरून थेट जोडणीला अडथळा) दाखवत असेल, तर पुष्कळदा इंटरनेट कंपनी अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवत असते. तिथे आपल्या राउटरवर पोर्ट फॉरवर्डिंग करून, म्हणजे बाहेरून येणाऱ्या जोडणीला वाट करून देऊन, काही साधत नाही. कंपनीकडे आयपीव्ही6 किंवा स्वतंत्र सार्वजनिक आयपी मागावा.

एक काम मात्र टाळू नका. राउटरचा मूळ पासवर्ड बदला. 2016 मध्ये ‘मिराई’ नावाच्या घातक प्रोग्रॅमने मूळ पासवर्ड तसेच राहिलेले लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. त्या ऑक्टोबरात त्यांच्या माऱ्याने ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा कित्येक तास विस्कळीत झाल्या. हा प्रोग्रॅम लिहिल्याचा गुन्हा पुढच्या वर्षी अमेरिकेतल्या तीन तरुणांनी कबूल केला. त्याची सुरुवात माइनक्राफ्ट या खेळाच्या सर्व्हरांच्या धंद्यातल्या चुरशीतून झाली होती. आपला निष्काळजीपणा दुसऱ्याच्या हातातलं हत्यार होतो, हे खेळणाऱ्या मुलांना सांगायलाच हवं.

तेव्हा येत्या रविवारी मुलांना घेऊन राउटरसमोर बसा. पासवर्ड बदला, केबल ओढा, रांग लावा. एवढं करूनही अडलंच, तर खुशाल मोठा प्लॅन घ्या.