विश्लेषण : कामे भरपूर, तरी कंत्राटदार अडचणीत का?

करकंबसारख्या गावात बांधकाम कंपनी म्हणजे बहुधा मालक, त्याचा भाऊ, एक मिक्सर आणि दोन मुकादम. ग्रामपंचायतीचा रस्ता नीट झाला की शाळाखोली मिळते, मग पाणीयोजना. पंढरपूर, माढा, माळशिरस अशा तीन तालुक्यांत कामे पसरतात आणि तिथून ओढाताण सुरू होते.

गणित कुठे बिघडते?

समजा, 40 लाखांची तीन कामे एकदम घेतली. मजुरी, सिमेंट, सळईला महिना 12 लाख लागतात आणि पहिले बिल चार महिन्यांनी निघते. तोवर 48 लाख अडकले. ते बाहेरून 2 टक्क्यांनी उचलले, तर दरमहा 96 हजार व्याज. तीन कामांचा 10 टक्के नफा 12 लाख. बिल आणखी वर्षभर रखडले की तो व्याजातच गेला. सुरक्षा ठेव तर दोषदायित्वाचा काळ संपल्याशिवाय सुटत नाही. जलजीवन मिशनच्या थकीत बिलांसाठी 2025 मध्ये कंत्राटदार रस्त्यावर उतरले, ते याच कोंडीतून.

मोठ्यांचे काय झाले?

सोलापुरात 1882 मध्ये जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांची सुरुवात बार्शी लाइट रेल्वेच्या कामातून झाली. भागीदार लक्ष्मणराव फाटक पूर्वी रेल्वेत कारकून. त्यांच्याकडे कामाची माहिती, वालचंदांकडे घरची पत. पुढे 1926 मध्ये हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन उभी राहिली आणि तिने भोर घाटात बोगदे खोदले. याच कंपनीने वांद्रे-वरळी सागरी सेतू बांधला. पण ती लवासाचे शहर वसवायलाही निघाली आणि लवासा कॉर्पोरेशन 2018 मध्ये दिवाळखोरी प्रक्रियेत गेली. दुसऱ्याचे काम बांधून देणे आणि स्वतःच्या जोखमीवर शहर उभारणे हे दोन वेगळे धंदे आहेत.

लवादात जिंकूनही सरकारी पैसे अडकतात, म्हणून केंद्राने 2016 मध्ये लवादाच्या निवाड्यातील रकमेचे 75 टक्के बँक हमीवर देण्याचे ठरवले. गावच्या कंत्राटदाराला त्याचा काय उपयोग? तो लवादापर्यंत पोहोचतच नाही.

मोठ्या निविदांत कंत्राटदाराची क्षमता तपासताना मागील उलाढाल पाहून हातातील कामे वजा करतात. थकलेली बिले त्या हिशेबात कुठेच नसतात. ती मालकानेच धरावीत : पहिल्या कामाचे दुसरे बिल खात्यावर येईपर्यंत आणि साइटवर रोज उभा राहणारा तिसरा माणूस मिळेपर्यंत तिसरी निविदा भरू नये, मग ती मार्चअखेरची का असेना.