अंगण सर्वांचें, शिस्तही सर्वांची

मोठ्या शहरांतील गृहनिर्माण संस्थांत सांप्रत मोटारगाड्या ठेवण्यावरून शेजाऱ्याशेजाऱ्यांत कलह माजतात. नेमून दिलेली जागा सोडून कोणी फाटकापाशीं गाडी लावतो, कोणी जिन्याच्या तोंडाशीं. अशा वेळीं आग लागली अथवा रोग्यास तांतडीनें न्यावें लागलें, तर बंबास व रुग्णवाहिकेस वाट कशी मिळावी? यास्तव नियम कसोशीनें पाळले जावेत, असें आमचें स्पष्ट मत आहे.

परंतु त्यांत मनमानी नसावी. इमारतीखालील व आवारांतील गाड्यांची जागा विकासकास स्वतंत्रपणें विकतां येत नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें २०१० सालीं ठरविलें. ती सर्व सभासदांची होय. गाड्या अधिक व जागा थोड्या असल्यास दरवर्षीं चिठ्ठ्या टाकून वांटप करावें, असें महाराष्ट्रांतील संस्थांच्या आदर्श उपविधींत सांगितलें आहे. सार्वजनिक ठिकाणची अडथळा करणारी गाडी ओढून नेण्याचा अधिकार १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानें पोलिसांस दिला आहे. संस्थेच्या चिटणीसांनीं तो आपल्या हातीं घेऊं नये.

म्हणून आधीं लेखी सूचना, मग सभेनें ठरविलेला दंड, आणि गाडी हलविणें हा अखेरचा उपाय, असा क्रम असावा. व तो अध्यक्षांच्या गाडीसही लागू असावा. भाडेकरूस दंड व अध्यक्षांस सूट मिळालेली पाहून मुलें वशिल्याचा धडा तेथेंच गिरवितात. पालकहो, शाळेंत आम्ही त्यांना रांगेंत उभें राहावयास शिकवितों. घरच्या अंगणांत आपण तें पुसूं नये, हीच विनंति.