साडेसहाशे रुपयांचा भात

पुण्यात कोरियन हॉटेलात जेवून आलेल्या माणसाला 'कसं होतं?' हा प्रश्न नंतर येतो. आधी येतो 'किती झाले?' आकडा सांगितला की समोरच्याचा निकाल तयारच असतो. वाडगाभर भात, वर चार भाज्या, एक अर्धकच्चं अंडं आणि याचे साडेसहाशे? तेवढ्यात थाळी खाल्ली असती, तीही पोट फुटेस्तोवर. आणि ती किमची म्हणजे काय, तर आंबलेला कोबी! मालिका पाहून डोकं फिरलेल्या पोरांची ही सगळी हौस आहे, असं म्हणून विषय संपतो.

हा आक्षेप मूर्खपणाचा नाही. खिशातून पैसे जातात त्याने हिशेब मागावा, यात गैर काहीच नाही. पण हा हिशेब चुकीच्या पानावर मांडलेला आहे, आणि स्वतःला बिनतोड वाटणारं उत्तर आक्षेप घेणाऱ्यांना देणारे कोरियाभक्तही तितकेच चुकीच्या पानावर आहेत.

आधी एक गैरसमज काढून टाकू. 'तिकडे हे सगळं स्वस्त असतं, इथे आपल्याला लुटतात' असं ठामपणे सांगितलं जातं. कोरियाची ग्राहक संस्था सोलमधल्या हॉटेलांचे सरासरी भाव नियमित जाहीर करते. मे २०२४ मध्ये डुकराच्या पोटाकडच्या मांसाचा, म्हणजे सामग्योपसालचा, २०० ग्रॅमचा भाव तिथे पहिल्यांदाच २०,००० वॉनच्या वर गेला. तेव्हाच्या दराने साधारण बाराशे रुपये. बिबिंबाप, म्हणजे ज्या भातावरून वरचा वाद सुरू झाला तो, अकरा हजार वॉनच्या जवळ, साडेसहाशे रुपये. म्हणजे पुण्यातल्या मेन्यूकार्डावरचा भाव सोलच्या भावाच्या आसपासच असतो. यावर कोणी म्हणेल, तिथला पगार बघा. बरोबर आहे. कोरियाचं दरडोई उत्पन्न आपल्या दसपटीहून जास्त आहे. तिथल्या कारकुनाचं दुपारचं जेवण आपल्याकडे वाढदिवसाची चैन ठरते. तेव्हा हे जेवण महाग आहे, यात वाद नको. वाद एवढाच, की त्या पैशांत जे मिळायला हवं ते मिळतं का.

आणि काय मिळायला हवं? इथे थाळीवाल्यांचा हिशेब फसतो. ते भाताच्या वाडग्याला भाव लावतात. कोरियन जेवणात भाव एका पदार्थाचा लिहिलेला असला, तरी टेबलावर एकच पदार्थ येत नाही. मागवलेलं यायच्या आधी छोट्या बशांची रांग लागते: किमची, तिळाच्या तेलात कालवलेले मोड आलेले सोयाबीन, उकडून पिळलेला पालक, मुळ्याच्या फोडी, कधी माशाच्या वड्यांचे काप, कधी सोया सॉसमध्ये आटवलेले बटाटे. याला बानचान म्हणतात. कोरियात त्याचे वेगळे पैसे सहसा लावत नाहीत, आणि बशी रिकामी झाली की पुन्हा भरून मिळते. थाळीचं समर्थन करणाऱ्याला तरी हे समजायला जड जाऊ नये.

त्या रांगेतली किमची जरा जवळून पाहा. कोबीचा लांबट गड्डा उभा चिरायचा. पान न् पान उचलून देठाकडे जास्त, शेंड्याकडे कमी असं मीठ भरायचं. काही तास, बहुतेकदा रात्रभर, तो मऊ पडू द्यायचा. मग धुऊन निथळत ठेवायचा. तांदळाच्या पिठाची पातळ पेज, जाडसर मिरचीपूड, लसूण, आलं, मुळ्याचा कीस, पातीचा कांदा आणि माशाचा रस किंवा खारवलेली बारीक कोळंबी यांचा लगदा प्रत्येक पानाच्या आत हाताने माखायचा. एखाददुसरा दिवस बाहेर, पुढे थंडीत. दोन-तीन आठवड्यांनी तिला धार येते; आणखी जुनी आणि आंबट झाली की तीच कढत रश्श्यात, किमची जिगेमध्ये, जाते. ताज्या किमचीचा हा रस्सा कोणी केला तर तो कोबीचं पाणीच लागतो. हिवाळ्याआधी घराघरांनी मिळून किमची घालायच्या प्रथेची नोंद युनेस्कोने २०१३ मध्ये केली. सोयाबीन आंबवून केलेल्या मसाल्यांची, ज्यात गोचुजांग आणि द्वेनजांग येतात, २०२४ मध्ये. युनेस्कोचा शिक्का म्हणजे चवीचं प्रमाणपत्र नव्हे, हे मान्य. पण २०१० च्या शरदात कोबीचा गड्डा दहा हजार वॉनच्या वर गेला, तेव्हा सरकारला आयातशुल्क तात्पुरतं काढावं लागलं. कांद्याने सरकारं हलताना पाहिलेल्या महाराष्ट्राला यातलं गांभीर्य समजावून सांगायला नको.

तेव्हा 'आंबलेला कोबी' म्हणून हिणवलं जातं त्यात दोन-तीन आठवड्यांचा वेळ आहे आणि वेळेला पैसे पडतात. मात्र या समर्थनाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कित्येक ठिकाणी किमची म्हणून जे पुढे येतं ते सकाळी चिरलेला कोबी, व्हिनेगर, साखर आणि लाल तिखट. ते ओळखायला कोरियाला जाऊन यावं लागत नाही. आंबून आलेला आंबटपणा जिभेवर हळूहळू चढतो, किंचित फसफसतो. व्हिनेगरचा नाकात आधी शिरतो. दुसऱ्या प्रकारची किमची ज्या टेबलावर आली, तिथे साडेसहाशेची तक्रार शंभर टक्के खरी. आणि तिचेही वेगळे पैसे बिलात दिसले, तर मग बोलायलाच नको.

आता कोरियाभक्तांकडे आणि ते डोक्यावर घेतात त्या हॉटेलांकडे वळू. ही हॉटेलं दोन जातींची. रांजणगावला एलजीचा कारखाना आला, माणगावजवळ विळे भागाडला पोस्कोचा, जानेवारी २०२४ मध्ये तळेगावचा जुना जनरल मोटर्सचा कारखाना ह्युंदाईच्या ताब्यात गेला. या कंपन्यांबरोबर कोरियन माणसं इथे राहायला आली आणि त्यांच्या जिभेसाठी स्वयंपाकघरं चालू लागली. २०२१ च्या 'स्क्विड गेम' मालिकेनंतर आणि बीटीएस या बँडच्या गाण्यांबरोबर जी गर्दी आली, तिच्यासाठी निघालेली हॉटेलं ही वेगळी जात. भिंतीवर गायकांची पोस्टरं, फोटोसाठी निऑनचा कोपरा आणि मेन्यूत सगळ्यात जास्त खपणारा पदार्थ राम्यन. राम्यन म्हणजे पाकिटातले नूडल्स. साम्यांग कंपनीने ते कोरियात १९६३ मध्ये आणले ते स्वस्तात पोट भरावं म्हणून. सोलमध्येही साध्या टपरीवर ते पाकीट फोडूनच शिजवतात, पण भावही टपरीचा असतो. इथे त्याच पाकिटावर चीजचा चौकोन आणि अर्धं अंडं ठेवून चारशे-साडेचारशे घेतले जातात, आणि आपली मुलं 'ऑथेंटिक' म्हणून ते देतात. तोकबोक्कीचंही तेच. तिखट-गोड रश्श्यातल्या तांदळाच्या वळकट्या हे तिथल्या शाळेबाहेरचं खाणं. याला मी महाग म्हणत नाही, याला मी उघड उघड बनवाबनवी म्हणतो. थाळीवाल्यांचा राग या टेबलावर काढला असता तर मी त्यांच्या बाजूने उभा राहिलो असतो.

पैसे वसूल होतात ते दोन जागी. एक, विस्तवाशी. टेबलातच शेगडी, तिच्यावर मांसाच्या लांब पट्ट्या, वाढणारी बाई चिमट्याने उलटते आणि कात्रीने कचाकच तुकडे करते. लेट्यूसच्या पानात एक तुकडा, लसणाची चकती, सामजांग या आंबवलेल्या सोयाबीनच्या तिखट चटणीचा ठिपका, गुंडाळून अख्खा घास एकदम तोंडात. अर्धा चावून खाली ठेवायचा नाही. घरच्या गॅसवर हे करायला जाल तर धुराने शेजारी दार वाजवतील. दुसरी जागा दगडी वाडग्यातला बिबिंबाप. वाडगा इतका तापलेला असतो की भात टेबलावर आल्यावरही तडतडत राहतो आणि तळाला खरवड धरते. ती खरवड खरवडून खाल्ली नाही तर साडेसहाशेतले दोनशे वाडग्यातच राहिले म्हणायचे. हाच पदार्थ साध्या स्टीलच्या वाडग्यात, गार भातावर गार भाज्या मांडून आला, तर तो घरी करावा; गोचुजांगचा डबा आता बाजारात मिळतो.

एकट्याने जाणाऱ्याला हे जेवण परवडत नाही, कारण ते एकट्यासाठी रचलेलंच नाही. शेगडीवरचं मांस कोरियातसुद्धा अनेक ठिकाणी दोघांच्या मापाशिवाय देत नाहीत. चौघं गेलात, एक शेगडीचं, एक रस्सा, एक बिबिंबाप असं मधोमध ठेवून खाल्लं, तर माणशी सात-आठशेत भागतं आणि बशांची रांग चौघांना पुरते. दोघांनी जाऊन चार वेगळ्या प्लेटी मागवायच्या आणि मग बिलावर डोळे वटारायचे, ही आपली सवय.

शाकाहाऱ्यांबद्दल मात्र मी आक्षेपकांशी सहमत आहे. किमचीत मासा असतो, रश्श्याच्या पाण्यात बहुधा सुकी मासळी उकळलेली असते. 'व्हेज' म्हणून सांगितलं तरी खोदून विचारावं लागतं. गंमत अशी की कोरियातच बौद्ध मठांचं जेवण मांस-मासळीशिवायच नव्हे, तर कांदा-लसणाशिवाय शिजतं. सोलच्या बाल्वू गोंग्यांग या मठजेवणाच्या हॉटेलला मिशलिन तारा मिळाला होता. आपल्याकडे चातुर्मास पाळणाऱ्या घरांना ते जेवण कोणी खाऊ घातलं तर मी रांगेत उभा राहीन. ते येईपर्यंत शाकाहाऱ्याने भातावरच्या चार भाज्यांना साडेसहाशे देऊ नयेत, हे माझं स्पष्ट मत.

आणि बिल आल्यावर खालची ओळ वाचा. कोरियात टिप देण्याची पद्धत नाही. आपल्याकडेही सेवाशुल्क सक्तीचं नाही. मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तसा स्पष्ट निकाल दिला आहे. ते आपोआप लावलं असेल तर काढायला सांगा. आणि मागवण्याआधी एकच विचारा: बशी संपली की पुन्हा मिळेल का? 'नाही' म्हणाले, तर पाणी पिऊन उठा.