श्वास कोणी मोजले?

माझ्या आईच्या केसपेपरवर दोन दिवस श्वासाचा वेग 18 लिहिलेला होता. सकाळी 18, दुपारी 18, रात्री 18. शेजारच्या खाटेवरच्या आजोबांचाही 18. दुसऱ्या रात्री मी मोबाईलवर मिनिट लावलं आणि तिच्या छातीवरच्या पांघरुणाकडे बघत मोजलं. 32 भरले. पुन्हा मोजलं, 32च. धावत जाऊन सांगितलं, तर खुर्चीतून न उठता उत्तर आलं, "81 वय आहे ना? फार अपेक्षा ठेवू नका."

याला भाकीत म्हणायची माझी तयारी नाही. हे हात झटकणं आहे.

आईला न्यूमोनिया होता, आणि न्यूमोनियाच्या रुग्णाचं पुढे काय होईल, याचा अंदाज बांधायला 2003 पासून एक साधी गुणपद्धत आहे, कर्ब-65. ब्रिटन, न्यूझीलंड आणि नेदरलँड्समधल्या हजारावर रुग्णांवरून ती बेतलेली आहे. माणूस नव्याने गोंधळलाय का, रक्तातला युरिया वाढलाय का, श्वास मिनिटाला 30 किंवा जास्त आहेत का, रक्तदाब उतरलाय का आणि वय 65 किंवा त्यापुढे आहे का. पाचांत वयाला गुण एक. बाकीचे चार रुग्णाला तपासून मिळवायचे असतात. आईचे वय, गोंधळ आणि श्वास धरून तीन होत होते, आणि तीन म्हणजे गंभीर. त्या खोट्या 18 ने तिचा एक गुण खाल्ला. खाटा जास्त आणि माणसं कमी, हे मलाही दिसतं. मग मोजले नसतील तर रकाना रिकामा सोडा! खोटा आकडा लिहिण्याचा हक्क कामाच्या ओझ्याने मिळत नाही.

खरं तर सुरुवात घरीच झाली होती. मंगळवारी तिने आमटीत गुळाऐवजी चहाची पूड घातली आणि वारलेल्या मामाच्या नावाने मला हाक मारली. थर्मामीटरवर 98.4. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी सांगितलं, "वयोमानाने होतं असं." सोमवारपर्यंत दुधाचा हिशेब तोंडपाठ सांगणारी बाई मंगळवारी पोटच्या पोराला ओळखत नाही. वय काय एका रात्रीत वाढतं? म्हाताऱ्या माणसाला गंभीर संसर्गातही ताप येईलच असं नसतं, कित्येकदा असा अचानक आलेला गोंधळ हीच पहिली खूण असते. डॉक्टरांना हे शिकवलेलं असतं. तरी ताप नाही म्हणून आमचे दोन दिवस गेले.

कॅनडातल्या हॅलिफॅक्सच्या केनेथ रॉकवुड यांच्या गटाने 2005 मध्ये क्षीणतेची एक मोजपट्टी मांडली. तिचा मुख्य प्रश्न असा, की आजारी पडायच्या दोन आठवडे आधी हा माणूस काय काय स्वतः करत होता? कोविडच्या काळात ब्रिटन आणि इटलीतल्या दीड हजारावर रुग्णांच्या अभ्यासात दिसलं, की वयापेक्षा आणि सोबतच्या आजारांपेक्षाही ही क्षीणता पुढचा अंदाज नीट देते. हा प्रश्न विचारायला एक पैसा पडत नाही. आम्हाला तो कोणीही विचारला नाही. विचारला असता तर सांगितलं असतं, की दोन आठवड्यांपूर्वी ती एकटी मंडईत जात होती, मेथीची जुडी आतून उघडून बघत होती आणि भाव पाडल्याशिवाय परतत नव्हती.

ती वाचली. "बघा, झाल्या ना बऱ्या," असं डिस्चार्जच्या कागदावर सही करताना ऐकवलं गेलं. पण कर्ब-65 सुद्धा फक्त तीस दिवसांतल्या मृत्यूचा धोका सांगतं. घरी आलेली बाई स्वतः उठून मोरीपर्यंत जाईल का, हे त्यात नाही, आणि म्हातारपणी खरा निकाल तोच असतो. 11 दिवस तिला कोणी खाटेवरून खाली उतरवलं नाही. पडून राहिलं की या वयात पायातलं बळ भराभर जातं.

तुमच्या घरचं म्हातारं माणूस दाखल झालं, तर मिनिट लावून श्वास स्वतः मोजा आणि तो आकडा केसपेपरवर लिहायला लावा. दोन आठवड्यांपूर्वी ते काय करत होतं, हे कोणी विचारायची वाट न बघता सांगा. उठवून बसवायला, चालवायला लावा. भांडावं लागलं तर भांडा.

आई आता भिंत धरून मोरीपर्यंत जाते. मंडईत मी जातो.