दोन फेरीबोटींच्या पलीकडे

जुन्या सोबत्यांच्या मेळाव्याचे आमंत्रण आले की आमच्या घरात दोन पक्ष पडतात. जावे, असे म्हणणारा पक्ष सौभाग्यवतींचा. आणि ज्यांना आपण चाळीस वर्षे पाहिले नाही त्यांनी आपल्यालाही पाहू नये, असे म्हणणारा पक्ष आमचा. शाळेच्या मेळाव्याच्या बाबतीत आमचा पक्ष दोनदा विजयी झाला आहे. परंतु नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेले आमंत्रण शाळेचे नव्हते. ते होते डिचोलीच्या इगर्जीलगतच्या एका खोलीत १९८४ साली भरणाऱ्या ख्रिस्ती युवावर्गाचे. या खेपेस आम्ही हरलो, आणि खरे सांगायचे तर हरण्याची इच्छाही होती.

वाचकांना प्रश्न पडेल की बडोद्याच्या या गृहस्थाचा डिचोलीशी काय संबंध? आमचे वडील नगरकडचे, मराठी ख्रिस्ती. रेव्हरंड टिळकांची भजने पेटीवर वाजविणारे आणि लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ मुलांकडून मोठ्याने वाचून घेणारे. नोकरी शिक्षकाची, आणि ती त्यांना डिचोलीस घेऊन गेली. तेथे आमच्या पंथाचे देऊळ नव्हते. तेव्हा, जो दरवाजा उघडा आहे त्यातून आत जावे, असे म्हणून त्यांनी आम्हांस कॅथलिक मुलांच्या वर्गात बसविले. पाद्रीबाबांनीही पंथाची चौकशी केली नाही. पेटी येते का, एवढेच विचारले.

वर्गात आम्ही तेवीसजण होतो. निम्मे डिचोली तालुक्यातले, निम्मे पेडण्याचे. नावे बरीचशी सारखी असल्यामुळे एकमेकांना गावाच्या नावाने हाका मारण्याची चाल पडली होती. मयें, पिळगाव, साखळी, मांद्रे, पार्से, हरमल असा तो हजेरीपट. हरमल सर्वांत लांबचा. शिवोली-चोपड्याचा पूल तेव्हा नव्हता. हा पठ्ठ्या पहाटे निघून शापोरा नदी फेरीबोटीने ओलांडी, म्हापशास दुसरी बस पकडी आणि तरीही आमच्याआधी येऊन बाक पुसून ठेवी. आम्ही त्याच्याच शेजारी बसत असू.

या दोन तालुक्यांविषयी दोन शब्द सांगितल्यावाचून पुढचे कळणार नाही. पेडणे आणि डिचोली हा गोव्याच्या ‘नव्या काबिजादी’तला मुलूख, पोर्तुगीजांच्या हाती तो अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आला. जुन्या काबिजादीत घडलेली सक्तीची धर्मांतरे व देवळांची मोडतोड येथवर तशी पोहोचली नाही. ख्रिस्ती वस्ती थोडी, शेजार सारा मराठी वाचणाऱ्या हिंदूंचा. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर हे मूळचे पेडण्याचेच. त्यांच्या कारकिर्दीत खेडोपाडी मराठी प्राथमिक शाळा निघाल्या आणि आमचे हे सोबती त्याच शाळांत शिकले. म्हणजे पहाडे मराठीत, प्रार्थना कोकणीत. पाठ्यपुस्तक देवनागरीत, दोतोर्न रोमी लिपीत. घरी आई रोमी वाची, शेजारची काकू देवनागरी पोथी. यात काही अडचण आहे असे त्या मुलांना कधी वाटले नव्हते. शिरगावची लईराई आणि म्हापशाची मिलाग्रिस सायबीण या सख्ख्या बहिणी, असे जेथे दोन्ही धर्मांची माणसे सांगतात, तेथे दोन लिप्यांचे काय ते ओझे!

पाद्रीबाबांची एक आवड होती. वर्गाच्या शेवटी ते फादर स्टीफन्सच्या ‘क्रिस्तपुराणा’तल्या काही ओव्या वाचावयास लावीत. हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला आणि चाळीस वर्षे येथेच राहून १६१९ साली येथेच वारला. ख्रिस्ताची कथा त्याने मराठीत, ओवीछंदात, अकरा हजारांच्या आसपास ओव्यांत सांगितली आणि १६१६ साली ती रोमी लिपीत छापली, कारण देवनागरीचे खिळे नव्हते. त्याच लेखणीने त्याने कोकणीत दोतोर्न लिहिले आणि कोकणीचे व्याकरणही रचले. आमच्या वर्गात हे पुराण शांताराम बंडेलूंच्या १९५६च्या देवनागरी आवृत्तीतून वाचले जाई. ओवी आम्ही वाचावी आणि अडलेल्या शब्दाचा अर्थ हरमलने सांगावा, असा क्रम ठरून गेला होता. मराठी म्हणून आम्हांस जो शब्द परका वाटे, तो नेमका त्याच्या आजीच्या बोलण्यात असे.

त्या हिवाळ्यात संत फ्रान्सिस झेवियरचा शवदर्शन सोहळा आला. तो दर दहा वर्षांनी येतो. जुन्या गोव्यात यात्रेकरूंच्या सेवेसाठी आमचा वर्ग गेला आणि सावंतवाडी-बेळगावकडून येणाऱ्या मराठी माणसांची रांग आमच्या वाट्यास आली. पाणी देणे, म्हाताऱ्यांना हात देणे, हरवलेली पोरे आईकडे पोहोचविणे. हरमल व आम्ही एकाच बादलीला दोहोंकडून धरून चालत असू. त्या दिवसांइतकी निर्मळ दोस्ती आम्ही पुढे कोणाशी केली नाही.

आणि ती आम्हीच मोडली. १९८६ साली राजभाषेचे आंदोलन पेटले. डिसेंबरात तर रक्त सांडले. हरमल कोकणीच्या मोर्च्यांना जाऊ लागला. आम्ही वीस वर्षांचे, मराठीच्या अभिमानाने तापलेले. ज्या शाळांनी यांना अक्षर शिकविले त्या शाळांवरच हे उठले, अशा आशयाचे एक पत्र आम्ही एका दैनिकास धाडले आणि ते छापून आले. नाव कोणाचेही नव्हते. परंतु ‘आमच्या शेजारी बाकावर बसणारा, समुद्रकाठचा’ असे वर्णन होते, आणि वर्गात समुद्रकाठचा असा एकच होता. पुढच्या शनिवारी त्याची जागा रिकामी राहिली. वर्गही महिन्या-दोन महिन्यांत आपोआप बंद पडला. ४ फेब्रुवारी १९८७ रोजी विधानसभेने कायदा संमत केला, ३० मे रोजी गोवा राज्य झाले, आणि आम्ही नोकरीसाठी बडोद्याची गाडी धरली.

चाळीस वर्षांनी पुन्हा शवदर्शनाचे वर्ष आले तेव्हा मांद्रेने सर्वांना शोधून काढले. तेवीसांतले चौदा आले. चौघे देवाघरी गेले आहेत. एक पोर्तुगीज पारपत्रावर इंग्लंडात स्विंडनला असते, ती नातवाला घेऊन आली होती. पार्से कुवेतला होता. १९९० साली इराकी सैन्य घुसल्यावर अम्मानमार्गे विमानाने कसा परतला, ही कथा त्याने दोनदा सांगितली आणि दोन्ही वेळा ती थोडी निराळी होती. पिळगावने खनिजाचे ट्रक घेतले होते. २०१२ साली खाणी बंद पडल्या, आणि कर्ज मात्र चालू राहिले. साखळी नर्स झाली. हरमल एका खांबाला टेकून उभा होता. केस पांढरे, बाकी तसाच. आम्हांस पाहून म्हणाला, “आयलो मरे!” आणि दुसऱ्याशी बोलू लागला.

जुन्या गोव्यास जाण्याची वाट मांद्रेने मुद्दाम जुनी ठरविली होती : नार्व्याहून फेरीबोटीने दिवाडी बेट, आणि बेटापलीकडून दुसऱ्या फेरीबोटीने जुने गोवे. नार्व्याचा सप्तकोटेश्वर मूळ दिवाडीचाच. पोर्तुगीजांनी तेथले देऊळ पाडल्यावर देव नदी ओलांडून अलीकडे आला आणि १६६८ साली शिवाजी महाराजांनी त्याचे देऊळ पुन्हा उभारविले. देवालाही ज्या पाण्यावरून घर सोडावे लागले, त्याच पाण्यावर आम्ही उलट दिशेने निघालो होतो.

बोट अर्ध्या पाण्यात असता आम्ही हरमलजवळ गेलो. पाठ केलेले वाक्य घशातच राहिले. “ते पत्र...” एवढेच बोललो.

“तिसरे वाक्य,” तो म्हणाला. “‘कृतघ्नतापणा’ लिहिले होतेस. कृतघ्नता म्हण, नाहीतर कृतघ्नपणा म्हण. कृतघ्नतापणा असा शब्द मराठीत नाही. अडतीस वर्षे सांगायचे राहून गेले होते.”

आम्ही पाहतच राहिलो. मग मांद्रेने खुलासा केला. हरमल पेडणे तालुक्यात सरकारी प्राथमिक शाळेत मास्तर होता. तेथल्या शाळा मराठी माध्यमाच्या. तीन तपांच्या आसपास त्याने मराठी शिकविली आणि त्याच वर्षी निवृत्त झाला होता.

“मी कोकणीसाठी भांडलो,” तो म्हणाला. “मराठीच्या विरुद्ध नव्हे. तुझ्या पत्रात हा भेद नव्हता. आणि कायदा झाला तो देवनागरी कोकणीचा. माझ्या आईची रोमी त्यात कुठेच नाही. मराठी वापरायला तरी मुभा राहिली. ती म्हणाली, एवढे ओरडून आलास तो कोणाच्या घरासाठी? तिलाही उत्तर द्यायचे राहूनच गेले.”

मराठी शाळांविषयी तेव्हा आम्हांस जी धास्ती वाटली ती निराधार होती असे आम्ही आजही म्हणणार नाही. शाळा ओस पडत आहेत, हे त्यानेच पुढे सांगितले. मात्र त्या कोकणीमुळे नव्हे, इंग्रजीमुळे. परंतु आपली धास्ती एका मित्राच्या पाठीवर चिकटवून ती गावभर दाखविण्याचे आम्हांस काही कारण नव्हते. हे आम्ही त्यास सांगितले. तो नदीकडे पाहत “बरें” म्हणाला. दुसऱ्या फेरीबोटीत तो आमच्या शेजारी बसला.

से कॅथेड्रलच्या रांगेत दोन तास गेले. पुढे सावंतवाडीकडचे एक कुटुंब होते. आजीला उभे राहवेना. हरमल कोठून तरी खुर्ची घेऊन आला, एक पाय त्याने धरला आणि दुसऱ्याकडे नुसती मान केली. रांग सरके तशी ती खुर्ची आम्ही दोघे उचलून पुढे ठेवीत गेलो. आजीने विचारले, तुम्ही भाऊ-भाऊ का? हरमल म्हणाला, “नाही आजी, हा बडोद्याचा.”

निघताना त्याने घरची चौकशी केली. नातू सात वर्षांचा, बोलतो मराठी, वाचतो इंग्रजी व गुजराती, असे आम्ही खालच्या मानेने सांगितले. बडोदे-इंदूरकडच्या आपल्या घरांत हे उत्तर नवे नाही. तो काही बोलला नाही; पत्ता मात्र लिहून घेतला.

जानेवारीत टपालाने एक जाड वही आली. पानोपानी मास्तरी वळणाची अक्षरे, प्रत्येकाखाली हातची चित्रे आणि गिरवायला ठिपके. पत्र नव्हते. नातू रोज संध्याकाळी एक पान करतो. सध्या तो ‘झ’वर अडला आहे, आणि ‘झ’चे चित्र झाड आहे की झाडू यावरून त्याचे आजीशी भांडण चालू आहे.